कंपाऊंडवर सोसायटीचं नाव: रेट, माप आणि तीन लिप्या (बेळगावातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून)

*रविवार*

सेक्रेटरी (ए-१०४): नमस्कार मंडळी. रस्त्याकडच्या कंपाऊंडवर सोसायटीचं नाव वर कन्नड, मग मराठी, खाली इंग्रजी असं हाताने रंगवून घ्यायचं मागच्या मीटिंगला ठरलं होतं. तीन रेट आलेत.
शहापूरचे पेंटर मामा: १५० रुपये फूट, मटेरियलसकट. ३० बाय ६ म्हणजे १८० फूट, झाले २७,०००.
अनगोळचा पेंटर: नुसती मजुरी ९,०००. रंग, ब्रश, सगळं आपलं.
फ्लेक्सवाला: लोखंडी फ्रेम धरून ७,५००.
बोला.

सी-२०३: २७,०००?? नाव लिहायला? एवढ्यात दोन्ही जिने रंगवून होतात की.

बी-१०१ काकू: फ्लेक्सच लावून सोडा री. नाव दिसल्याशी मतलब. परवा कुरिअरवाला आरपीडी चौकातून तीनदा फोन करून विचारत होता.

ए-३०२ सर: काकू, फ्लेक्स नको. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या फ्लेक्सवर बंदी आहे.

बी-१०१ काकू: मग गल्लोगल्ली वाढदिवसाचे लागतात त्यांना कोण विचारत नाही ते?

ए-३०२ सर: वाढदिवसाचा दोन दिवस टिकला तरी काम झालं. आपली भिंत पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारभर ऊन आणि पावसाळ्यात झड थेट अंगावर. फ्लेक्सचा रंग आधी उडणार, मग कोपरे फाटून फडफडणार. दोन वर्षांनी परत वर्गणी.

सी-२०३: सर, मग अनगोळवाला घ्या. ९,००० आणि रंगाचे ४-५ हजार. १४,००० मध्ये खेळ खलास.

खजिनदार (बी-३०४): मलाही तेच बरं वाटतंय. फंडात मोटरदुरुस्तीनंतर फार काही राहिलेलं नाही.

ए-३०२ सर: थांबा जरा, भिंत बघून येतो. मग लिहितो.

ए-३०२ सर: बघितली. अनगोळच्या पेंटरला मी फोन पण केला. त्याच्या ९,००० मध्ये भिंत खरवडणं, धुणं, लांबी (पुट्टी), प्रायमर काहीच नाही. तयार भिंतीवर अक्षरं काढून देणार, एवढंच. आपल्या भिंतीवर खाली हिरवं शेवाळ आहे आणि मधे जुन्या रंगाचे पापुद्रे सुटलेत. त्यावर कितीही सुंदर अक्षर काढा, पापुद्रा पडला की अक्षर घेऊनच पडतो. म्हणजे तयारीला वेगळा माणूस लावायचा, रंग आपण आणायचा, अक्षरं तिसऱ्याने काढायची. उद्या रंग सुटला तर तो म्हणणार भिंत ओली होती, भिंतवाला म्हणणार रंग हलका होता. आणि रंग आणणारे तर आपणच.
काम एकाच्याच अंगावर टाका. दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

सी-२०३: दोन हजार नव्हे सर, तेरा हजार जास्त जातायत.

ए-३०२ सर: तेच सांगतोय. तो २७,००० चा आकडा पेंटर मामांचा नाही, आपला आहे. आपण त्यांना "३० बाय ६" सांगितलं. कुणी ठरवलं ३० फूट?

सेक्रेटरी (ए-१०४): मी. गेटपासून लाईटच्या खांबापर्यंत तेवढी भिंत आहे म्हणून.

ए-३०२ सर: भिंत आहे म्हणून सगळीवर लिहायला पाहिजे असं नाही. आधी मजकूर, मग अक्षराची उंची, मग पट्टा, मग रेट. आपण उलटीकडून सुरू केलंय.

*सोमवार*

ए-३०२ सर: काल रात्री कागदावर मांडलं. मोठं आहे, पण वाचा.

अक्षर किती मोठं हे अंतरावर ठरतं. पाटी रंगवणाऱ्यांचा साधा अंदाज असा: दर दहा फुटांना एक इंच, म्हणजे सहज वाचता येतं. आरपीडी चौकाकडून येणाऱ्याला आपली भिंत दीडशे फुटांवरून दिसते. म्हणजे १५ इंची अक्षर पाहिजे. हा अंदाज इंग्रजी कॅपिटलला धरून केलेला आहे. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. पेंटरला नुसतं "१५ इंची अक्षर" सांगितलं तर तो वेलांटीपासून उकारापर्यंत सगळं १५ मध्ये बसवतो, आणि मधलं अक्षर ९ इंचांचं होतं. लांबून वाचायचं असतं ते मधलं. म्हणून शिरोरेषेपासून खालच्या ओळीपर्यंत १५ सांगायचे. वर ५, खाली ४. मराठीची ओळ झाली २४ इंचांची.

कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो आणि आपल्या नावात दोन जोडाक्षरं आहेत. मधे १५, खाली ८, वर ३. २६ इंच. इंग्रजीला खालीवर काही नाही, १० इंच बास. कुरिअरवाला जवळ आल्यावर वाचेल.

२६, २४ आणि १०, झाले ६०. वर, खाली आणि दोन ओळींच्या मधे ३-३ इंच मोकळे, ते १२. एकूण ७२ इंच, म्हणजे सहा फूट. भिंत सात फुटी आहे. खालचा एक फूट कोरा ठेवायचा, तिथे पावसात चिखल उडतो.

आता रुंदी. सगळ्यात लांब ओळ इंग्रजी, १९ अक्षरं. दहा इंची अक्षराला मधल्या फटीसकट साधारण ९ इंच जागा लागते. १७१ इंच, म्हणजे सव्वाचौदा फूट. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मोकळे धरले तरी पट्टा २० फुटांचा. १२० फूट गुणिले १५०, झाले १८,०००.

सी-२०३: सर 🙏 सरळ नऊ हजार उडाले.

खजिनदार (बी-३०४): सरांना कमिटीत घ्या री.

ए-३०२ सर: कमिटी नको. आणि पेंटर मामा लगेच १८,००० ला हो म्हणतील असं समजू नका. अक्षरं तेवढीच आहेत, कमी झाली ती कोरी भिंत.

बी-२०२ वहिनी: नावाखाली "गेटसमोर वाहने लावू नयेत" घेता येईल काय? आणि एका बाजूला गणपती?

सी-१०२: महाराजांचं चित्र पण पाहिजे.

डी-१०१: अध्यक्ष, सेक्रेटरींची नावं? बाकीच्या सोसायट्यांत असतात.

सेक्रेटरी (ए-१०४): माझं नाव नको बाबा. पुढच्या वर्षी खोडायला परत पेंटर बोलवायचा.

ए-३०२ सर: वहिनी, पार्किंगची सूचना गेटच्या पत्र्यावर वेगळी घेऊया, नावात मिसळली तर दोन्ही वाचणार नाहीत. चित्राचं काम वेगळं, त्याचा हातही वेगळा आणि रेटही. ज्याचं अक्षर चांगलं त्याचा चेहरा चांगला येतोच असं नाही. गणपती बिघडला तर पुसायचा कुणी? आणि ज्या भिंतीला लोक सायकल टेकवतात तिथे महाराजांचं चित्र नको.

सी-१०२: हे पटलं.

डी-१०१: कन्नड वर, मराठी खाली असं का? ७०% घरं मराठी आहेत.

सी-१०२: होय की.

सेक्रेटरी (ए-१०४): हा विषय इथे नको. सीमाप्रश्न १९५६ पासून सुटलेला नाही, तो आपल्या कंपाऊंडवर सुटणार नाही. दुकानं, हॉटेलं, दवाखाने यांच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या अर्ध्या भागात, ही दुरुस्ती २०२४ मध्ये झाली. आपल्या खालच्या गाळेवाल्यांनी तेव्हाच बोर्ड बदलले. आपण दुकान नाही, पण भिंत रस्त्यावर आहे. कन्नड वर राहू दे. मराठीचं अक्षर कन्नडएवढंच आहे, सरांनी माप दिलंय. अजून काय पाहिजे?

ए-२०४ मास्तर: आयतु री, ठीक आहे. कन्नड मी हाताने लिहून देतो. पेंटरला टाईप करून पाठवू नका. त्यांच्या कॉम्प्युटरवर खालची जोडाक्षरं सुटी होऊन शेजारी बसतात आणि तो तसंच रंगवतो. आमच्या नातेवाइकांच्या दुकानावर ते पाच वर्षं आहे.

ए-३०२ सर: फार बरं होईल मास्तर. मराठी मी लिहितो. दोघांचा मिळून एकच कागद करूया, त्यावर कमिटीची सही, आणि पेंटरकडे तोच जाऊ दे. ग्रुपवर आलेला मजकूर कुणी परस्पर पाठवू नये.

बी-२०२ वहिनी: रंग कुठला?

सी-१०२: भगवा!

ए-३०१: पिवळ्यावर लाल उठून दिसतं.

सेक्रेटरी (ए-१०४): 🙏🙏 दोन्ही नको.

ए-३०२ सर: भांडणाचं सोडा, उन्हाचं बघा. भडक लाल आणि नारंगी पश्चिमेच्या भिंतीवर सगळ्यात आधी फिके पडतात. टिकतो तो काळा, गडद निळा आणि गेरूसारखा ऑक्साइडचा लाल. क्रीम बेसवर गडद निळी अक्षरं आणि कडेला गेरूची एक पट्टी घ्या. शेड, थ्रीडी वगैरे नको. शेड मारली की प्रत्येक अक्षराला दुसऱ्यांदा हात लावावा लागतो, पैसे वाढतात आणि लांबून अक्षर जाडजूड, गिचमिड दिसतं.

आणि ऑइल पेंट नको. पत्र्याला, शटरला ऑइल पेंट उत्तम. भिंत मात्र पावसाळाभर पाणी पिते, ते बाहेर पडायला वाट लागते. वर ऑइलचा पडदा असला की फोड येतात. अक्षरं पण बाहेरच्या भिंतीच्या ॲक्रिलिक रंगातच काढायला सांगा. चकाकी कमी येईल. चालतंय.

सी-२०३: सर, १८,००० तरी बरोबर आहेत काय? तुम्ही हिशेब केला असणार.

ए-३०२ सर: केलाय. मुख्य पेंटर ४ दिवस, १,५०० ने ६,०००. हेल्पर ५ दिवस, ९०० ने ४,५००. प्रायमर, लांबी, बेसचा रंग, अक्षरांचा रंग, ब्रश, टेप मिळून ५,००० च्या आसपास. येणं-जाणं आणि त्याचा नफा दीड हजार. १७,०००. परांची लागत नाही, घोडीवर काम होतं, म्हणून एवढ्यात बसतंय. हेच तिसऱ्या मजल्यावर असतं तर गोष्ट वेगळी.
चार दिवसांतला एक दिवस नुसता सूत मारून खडूने आखण्यात जातो. खालून बघणाऱ्याला वाटतं माणूस काहीच करत नाही. तो दिवस कापू नका.

*बुधवार*

सी-२०३: काल मुलाने कोळशाने वर्तमानपत्रावर नावातलं एक अक्षर १५ इंची काढलं आणि भिंतीला चिकटवलं. मी स्कूटरवरून चौकाकडून आलो. अक्षर कळतंय, पण रेघ बारीक दिसत्येय.

ए-३०२ सर: रेघ किती जाड घेतली?

सी-२०३: इंचभर.

ए-३०२ सर: उंचीचा सहावा हिस्सा तरी पाहिजे. अडीच इंच. त्याला परत काढायला सांगा, छान काम केलंय पोराने.

खजिनदार (बी-३०४): पेंटर मामांशी बोललो. सर म्हणाले तसंच झालं. "पट्टा लहान केला तर १६० ने घेईन, अक्षरं तेवढीच आहेत." म्हणजे १९,२००. मी म्हटलं फुटाचा हिशेबच नको, पूर्ण कामाचं ठरवूया: खरवडणं, शेवाळ धुणं, लांबी, प्रायमर, बेसचे दोन हात, तीन ओळी, पट्टी. १८,५०० ला तयार झाले. काम सुरू करताना ६,०००, बेस आणि खडूची आखणी दाखवली की ६,०००, संपल्यावर ६,५००.

सी-१०२: हजार-दीड हजार पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवून घ्या. रंग टिकतो का बघून देऊया.

ए-३०२ सर: रोजावर माणसं लावणाऱ्याचे पैसे आठ महिने अडकवू नका. जूननंतर कुठे सुटलं तर एकदा फुकट टचअप, एवढं चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि उरलेल्या रंगाचे डबे आपल्याकडे ठेवा, टचअपला तोच रंग लागतो.

सेक्रेटरी (ए-१०४): तारीख? दिवाळीआधी मामांना वेळ नाही, घरांची कामं आहेत.

ए-३०२ सर: आधी नकोच. परतीचा पाऊस अजून चालू आहे, भिंत ओली आहे. दिवाळी होऊ दे.

ए-२०४ मास्तर: आणि १ नोव्हेंबरच्या आठवड्यात नको, राज्योत्सव आणि काळा दिवस दोन्ही तेव्हाच. त्या दिवसांत कोण भिंतीवर काय लिहितोय हे बघायला सगळेच उभे असतात.

सेक्रेटरी (ए-१०४): 😄 बरोबर. मग नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. खडूची आखणी झाली की फोटो इथे टाकतो. स्पेलिंग, वेलांटी, काय असेल ते तेव्हाच सांगायचं. रंग लागल्यावर कुणाचंही ऐकलं जाणार नाही. १८,५०० ला हरकत असेल तर उद्या रात्रीपर्यंत.

सी-२०३: मंजूर.

बी-१०१ काकू: मंजूर. पण पेंटरला दुपारचा चहा कोण देणार ते आत्ताच ठरवा, मागच्या वेळी चारही दिवस माझ्याच अंगावर आला.

बी-२०२ वहिनी: पहिले दोन दिवस मी देते, काकू.

डी-१०१: माझ्याकडे तिसरा.