प्रार्थना झाल्यावर औषध बंद करणे हे विश्वासाचे लक्षण आहे का?

मामा, जालना

सर्वांना सलाम. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिला लहानपणापासून फेफऱ्याचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या नियमित चालू असल्याने बऱ्याच काळात तिला झटका आलेला नव्हता. गेल्या वर्षापासून ताई आमची जुनी मंडळी सोडून एका नव्या, स्वतंत्र मंडळीच्या उपास-प्रार्थनेला जाऊ लागली. तिथे भाचीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, ती बरी झाल्याची साक्ष ताईने सर्वांसमोर दिली आणि त्यानंतर तिथल्या प्रचारकांनी तिला असे सांगितले की, आरोग्य मिळाल्याचे तोंडाने कबूल केल्यावर गोळी घेत राहणे म्हणजे आजार अजून आहे अशी उलट कबुली देणे होय. तेव्हापासून संध्याकाळची गोळी बंद आहे. सकाळची गोळी केवळ आमच्या आईच्या धाकाने चालू आहे. गोळ्यांची उरलेली पट्टी ताईने आपल्या बायबलात, यशयाच्या ५३ व्या अध्यायाशी, खूण म्हणून ठेवली आहे.

परवा वर्गात भाची काही क्षण हाक मारूनही ओ देईना, असे तिच्या बाईंनी कळवले. ताई म्हणते, ही विश्वासाची परीक्षा आहे.

देव बरे करतो यावर माझाही विश्वास आहे आणि ताईच्या श्रद्धेची टिंगल करणारी उत्तरे मला नकोत. मला एवढेच विचारायचे आहे की, औषध सोडण्याच्या या शिकवणुकीला पवित्र शास्त्रात खरोखर आधार आहे का, आणि नसल्यास ताईला पटेल अशा रीतीने ते कसे मांडावे?

मज्जाविकारतज्ज्ञ, मिरज

शास्त्रवचनांचे उत्तर जाणकार देतील. मी तातडीचे तेवढे सांगते. फेफऱ्याची गोळी अचानक बंद केली किंवा मात्रा परस्पर निम्मी केली, तर पूर्वीपेक्षा तीव्र आणि लागोपाठ झटके येण्याचा धोका असतो, आणि असे न थांबणारे झटके जिवावर बेतू शकतात. वर्गात हाकेला ओ न देणे हासुद्धा झटक्याचाच प्रकार असू शकतो. त्यामुळे रविवारची वाट न पाहता मुलीला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यावे आणि किती दिवस गोळी चुकली ते त्यांना खरे सांगावे. मधल्या काळात झटका आलाच, तर तिला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, कांदा-चप्पल हुंगवत बसू नये आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट दवाखाना गाठावा.

ताईंच्या साक्षीविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. योग्य औषधाने सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके पूर्णपणे आटोक्यात येऊ शकतात, आणि मुलांमधले काही प्रकारचे फेफरे वय वाढले की आपोआपही थांबते. म्हणून प्रार्थनेनंतर काही महिने झटका आला नाही, एवढ्यावरून आजार गेला असे म्हणता येत नाही. साधारणपणे दोन वर्षे एकही झटका नसेल तर आम्ही स्वतःच औषध बंद करण्याचा विचार करतो, परंतु तेही मेंदूचा आलेख पाहून आणि मात्रा कित्येक आठवडे, प्रसंगी महिने, हळूहळू उतरवत. ही मुलगी बरी झालेली असेल, तर तेही त्या मार्गाने कळेलच.

निवृत्त पाळक, नगर

मामासाहेब, सलाम. डॉक्टरबाईंनी सांगितले ते आधी करावे. माझे उत्तर लांब आहे, ते सवडीने वाचले तरी चालेल.

ताईंनी गोळ्यांची पट्टी जिथे ठेवली आहे तिथूनच आरंभ करतो. देवाच्या सेवकाने, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे ख्रिस्ताने, आपल्या व्याधी वाहिल्या आणि त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळाले, हे यशयाच्या ५३ व्या अध्यायाचे मर्म आहे. मत्तयाने आपल्या ८ व्या अध्यायात हे वचन येशूने केलेल्या शारीरिक आरोग्यदानाला लावले, तर पेत्राने पहिल्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात तेच वचन पापापासून सुटण्याच्या संदर्भात वापरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ए. जे. गॉर्डन आणि ए. बी. सिम्प्सन यांच्यासारख्या पाळकांनी असे प्रतिपादन केले की, क्रूसावरच्या प्रायश्चित्तात पापक्षमेबरोबर शरीराचे आरोग्यही सामावलेले आहे. सिम्प्सन यांना १८८१ मध्ये हृदयाच्या दुखण्यातून आराम पडल्याचा स्वतःचा अनुभव होता. ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा आहे, ही त्यांची ‘चतुर्विध सुवार्ता’. त्यांच्या अलायन्स मिशनचे लोक वऱ्हाडात आणि खानदेशात येऊन राहिले, तेव्हा ही शिकवण आपल्याकडे काल-परवा आलेली आहे असे कोणी समजू नये.

त्याच काळात जॉन अलेक्झांडर डोई यांनी तिला टोकाला नेले. शिकागोच्या उत्तरेला त्यांनी झायन नावाचे शहर वसवले आणि डॉक्टर व औषध ही सैतानाची साधने आहेत असा प्रचार केला. १९०२ मध्ये त्यांची तरुण मुलगी स्पिरिटचा दिवा उलटून भाजली आणि त्यातच गेली. १९०५ मध्ये त्यांना स्वतःला पक्षाघात झाला आणि १९०७ मध्ये त्यांचे निधन झाले. एका बापाचे दुःख मी वादातला मुद्दा म्हणून वापरत नाही. परंतु ताईंच्या प्रचारकांचे बोलणे या परंपरेतले आहे, प्रेषितांच्या परंपरेतले नाही, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे.

प्रेषितांचे लिखाण काय सांगते? पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला काटा जाण्याऐवजी कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले. तीमथ्याला त्याने वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. ज्याच्या अंगावरच्या रुमालांनी लोक बरे होत असत असे प्रेषितांची कृत्ये सांगते, त्याच माणसाच्या सोबत्यांची ही स्थिती होती, आणि तरीही त्यांपैकी कोणाच्या विश्वासावर त्याने बोट ठेवलेले नाही.

मात्र ताईंसाठी सर्वांत उपयोगाचा उतारा त्यांच्या हाताशीच आहे. पट्टी ज्या पानात आहे तिथून मागे, यशयाच्या ३८ व्या अध्यायात जावे. हिज्कीया राजा मरणाच्या दारी आहे, तो भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना करतो, आणि त्याची प्रार्थना ऐकली असून आयुष्याची पंधरा वर्षे वाढवली आहेत, असे देव त्याला संदेष्ट्यामार्फत कळवतो. म्हणजे आरोग्याचे वचन मिळालेले आहे, आणि तेही थेट देवाकडून. आणि त्यानंतर तोच यशया अंजिरांचे पोटीस आणून गळवावर बांधायला सांगतो. वचन मिळाल्यावर औषध लावणे हा अविश्वास असता, तर तो संदेष्ट्याच्याच पदरी पडला असता.

आपल्या मातीतलेही एक उदाहरण द्यावेसे वाटते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या, परंतु ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग त्यांच्यासाठी बंद झाला. पुढे १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे आत्मिक जागरण झाले, त्याचा उल्लेख पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात आजही आदराने होतो. ज्यांच्या अंगणात ते जागरण झाले, त्या बाईंचे बहिरेपण गेले नाही. त्यांचा विश्वास उणा होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करील, असे मला वाटत नाही.

पिंपरीचा विश्वासी

मी पेंटेकॉस्टल मंडळीत वाढलो आहे आणि आमच्याकडे दर शुक्रवारी आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना होते. पाळकसाहेबांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी डोईंचे उदाहरण आमच्या सगळ्यांच्या माथी मारले जाऊ नये एवढी विनंती करतो. आमच्या वडीलधाऱ्यांनी कोणालाही औषध सोडायला सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. डॉक्टरांनी सुरू केलेले औषध डॉक्टरांनीच थांबवायचे, असा आमच्याकडे दंडक आहे.

मत्तयाने यशयाचे वचन शरीराच्या आरोग्याला लावले आहे, ते मी पूर्ण गांभीर्याने घेतो. देव आजही बरे करतो. परंतु पौलाने रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात लिहिले आहे की, ज्यांना आत्म्याचे प्रथमफळ मिळाले आहे तेही आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहेत. क्रूसावर जे मिळवले गेले त्यातले सगळेच आजच्या आज हातात पडत नाही. नाहीतर आमच्या मंडळीत कोणी म्हातारा झाला नसता आणि मेलाही नसता.

साक्षीबद्दलही एक सांगतो. येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर, कोणाला सांगू नको, आधी जाऊन स्वतःला याजकाला दाखव, असे बजावले. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे रोग गेला की नाही हे तपासण्याचा अधिकार याजकाचा होता. म्हणजे येशूने स्वतः बरे केलेल्या माणसालाही तपासणी चुकली नाही. ताईंच्या मंडळीत हा क्रम उलटा झाला आहे. मुलीला डॉक्टरांना दाखवण्याआधीच तिची साक्ष व्यासपीठावर गेली, आणि आता ती साक्ष खोटी ठरू नये याचे ओझे त्या लेकरावर आले आहे. झटका आला तर ती तो लपवेल, आणि मला त्याचीच अधिक भीती वाटते.

आणि जुन्या मंडळ्यांनाही एक शब्द, राग मानू नये. आपल्याकडे आजाऱ्यांची नावे उपासनेत यादीसारखी भरभर वाचली जातात. त्या ताईला तिच्या जुन्या मंडळीत कोणी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, तिचे नाव घेऊन, घटकाभर रडून प्रार्थना केली असती, तर ती बाहेर गेली असती का, याचा विचार व्हावा.

वसईची शिक्षिका

मी कॅथलिक आहे. आमच्याकडे चमत्कारांवर श्रद्धा भरपूर आहे; सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत गेलात तर मेणाचे हात, पाय, डोळे, हृदये यांनी भरलेले ठेले दिसतात, आणि ज्या अवयवाला दुखणे असेल तो मेणाचा अवयव घेऊन लोक रांगेत उभे असतात. तिथे येणारी बहुतेक माणसे खिशात औषधाची चिठ्ठीही बाळगून असतात आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

पिंपरीच्या बंधूंनी तपासणीचा मुद्दा काढला म्हणून लूर्दविषयी लिहिते. फ्रान्समधल्या या गावी १८५८ मध्ये बर्नादेत नावाच्या मुलीला मरियेचे दर्शन झाले आणि तेव्हापासून लाखो आजारी तिथे जातात. १८८३ पासून तिथे डॉक्टरांचे कार्यालय आहे आणि बरे झाल्याचा दावा करणाऱ्याला आपले जुने कागदपत्र घेऊन त्यांच्यापुढे जावे लागते. आजार गंभीर होता का, तो आपोआप बरा होण्यासारखा नव्हता ना, औषधोपचाराने गुण आला असण्याची शक्यता नाही ना, बरे होणे अचानक, संपूर्ण आणि टिकाऊ आहे का, अशा अठराव्या शतकात घालून दिलेल्या कसोट्या लावल्या जातात. वर्षानुवर्षे थांबून मग त्या व्यक्तीच्या धर्मप्रांताचे बिशप निर्णय देतात. इतक्या काळात मान्य झालेले चमत्कार सत्तरच्या आसपास आहेत. चमत्कार मानणारे लोकच तो जाहीर करायला इतके कचरतात, हे ताईंना सांगून पाहावे. शिवाय, आमच्या बायबलातील बेन सिराच्या ग्रंथात ३८ व्या अध्यायात, वैद्याला देवानेच निर्माण केले असून शहाण्या माणसाने औषधाचा तिटकारा करू नये, असे आहे. आजाऱ्याने आधी प्रार्थना करावी आणि मग वैद्याला वाट द्यावी, असा तिथला क्रम आहे. प्रॉटेस्टंट बायबलात हा ग्रंथ नसल्याने ताईंना तो प्रमाण वाटणार नाही, हे मी जाणते.

मामा, जालना

सर्वांचे आभार. भाचीला डॉक्टरांकडे नेले आणि दोन्ही वेळच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. आईसमोर ताई काही बोलली नाही. हिज्कीयाचा अध्याय तिने दोनदा वाचला आणि पोटिसाचे मान्य केले. परंतु तिचा नवा मुद्दा असा आहे की, गळू वेगळे आणि फेफरे वेगळे. मार्काच्या ९ व्या अध्यायात अशाच मुलाला अशुद्ध आत्मा लागल्याचे लिहिले आहे, मग आत्म्यावर गोळी कशी चालेल? याला काय उत्तर द्यावे?

निवृत्त पाळक, नगर

त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. मार्काने त्या मुलाविषयी जे लिहिले ते त्या मुलाविषयी लिहिले. प्रत्येक फेफरेकऱ्याविषयी नव्हे. मत्तयाच्या ४ थ्या अध्यायाचे २४ वे वचन काढून द्यावे. येशूकडे आणलेल्या लोकांची तिथे यादी आहे आणि तीत भूतग्रस्त, फेफरेकरी व पक्षाघाती असे तिन्ही वेगवेगळे मोजलेले आहेत. दोन्ही एकच असते, तर मत्तयाने त्यांना निरनिराळे सांगितले नसते.

आणि मार्काचा उतारा काढलाच आहे तर तो शेवटपर्यंत वाचावा. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, असे त्या मुलाचा बाप ओरडतो; म्हणजे त्याचा विश्वास अर्धामुर्धाच होता, तरी मुलगा बरा झाला. त्याआधी शिष्यांना ते जमले नव्हते, आणि नंतर एकांतात त्यांनी कारण विचारले तेव्हा येशूने त्यांच्या प्रार्थनेकडे बोट दाखवले. मुलाला किंवा बापाला कोणी दोष दिला नाही. कोणी बरे झाले नाही की आजाऱ्याचा विश्वास कमी पडला असे म्हणणाऱ्या प्रचारकांना हा उतारा फारसा सोयीचा नाही.

याकोबाच्या ५ व्या अध्यायाप्रमाणे मंडळीच्या वडिलांनी घरी येऊन तेल लावून प्रार्थना करावी, अशी ताईंची इच्छा असेल तर तुमच्या जुन्या मंडळीच्या पाळकांना तसे कळवा. मीही त्यांना फोन करतो. वेळ संध्याकाळची ठरवा, मुलीची गोळी घेण्याची वेळ तीच असेल तर प्रार्थनेनंतर ती तिच्या आईच्याच हाताने द्यावी, आणि त्या दिवशी मुलीला साक्ष द्यायला कोणी सांगू नये.