मार्टेन्साइट आयर्न-कार्बन डायग्राममध्ये कुठे असतं? मला सापडत नाहीये

सेकंडइयर_सांगली:
नमस्कार, मी मेकॅनिकल सेकंड इयरला आहे. आयर्न-कार्बन डायग्राम (किती कार्बनला आणि कुठल्या तापमानाला स्टीलची आतली रचना कोणती ते दाखवणारा) पाठ झालाय, ७२७ डिग्रीची आडवी रेघ, ०.८ टक्क्याला युटेक्टॉइड, ऑस्टेनाइट २.१४ पर्यंत, सिमेंटाइट ६.६७ ला, झोपेतून उठवून विचारलं तरी काढून दाखवीन. पण पुढच्या चॅप्टरला हार्डनिंग सुरू झालं आणि तिथे अचानक मार्टेन्साइट, म्हणजे लाल स्टील झटकन थंड केल्यावर होणारी कडक रचना, आलं, आणि ते त्या डायग्राममध्ये कुठेच नाही. वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं की ती नॉन-इक्विलिब्रियम फेज आहे, लिहून घ्या. लिहून घेतलं, कळलं काहीच नाही.

अजून एक. आमच्या गावात ऊसतोडीच्या आधी लोहारमामांकडे कोयते घेऊन लोक येतात, मी लहानपणापासून तिथे बसून बघतोय. कोयता लाल करतात, फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतात, चर्र आवाज येतो, बाहेर काढून दगडावर जरा घासून चकचकीत करतात आणि मग नुसतं बघत राहतात. पाठीकडून धारेकडे रंग सरकत येतो, आधी पिवळा मग तपकिरी मग जांभळा, आणि पाहिजे तो रंग धारेला टेकला की कोयता परत पाण्यात. याला पाणी देणं म्हणतात. मामा म्हणतात पाणी जास्त झालं तर धारेचे तुकडे उडतात, कमी पडलं तर धार वळते. हेच ना आपलं हार्डनिंग-टेम्परिंग? मग एकदा कडक केलेलं परत गरम का करायचं?

आणि तिसरं, लोखंडाचे अणू दोन प्रकारे रचले जातात, एफसीसी आणि बीसीसी. एफसीसीचं पॅकिंग ७४ टक्के, बीसीसीचं ६८. मग कार्बन जास्त मावतो तो एफसीसीत कसा? उलटं पाहिजे ना?

मटेरियलच्या_मॅडम:
तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो सुटला की पहिला आपोआप सुटतो. पॅकिंग म्हणजे एकूण जागा किती भरली ते. कार्बनला एकूण रिकाम्या जागेशी काही देणंघेणं नाही, त्याला एक एक फट केवढी आहे ते महत्त्वाचं. डब्यात लाडू दोन पद्धतींनी रचले असं समज. एका रचनेत फटी थोड्या पण ऐसपैस, दुसरीत फटी भरपूर पण सगळ्या चिंचोळ्या. एफसीसीतल्या मोठ्या फटीत लोखंडाच्या अणूच्या त्रिज्येच्या ०.४१४ पट त्रिज्येचा गोळा बसतो. बीसीसीतल्या सगळ्यात मोठ्या फटीत ०.२९१ पट. त्यातही कार्बन बीसीसीत बसतो तो त्याहून अरुंद, ०.१५५ वाल्या फटीत, कारण तिथे त्याला दोनच शेजारी मुख्यतः बाजूला ढकलावे लागतात. कार्बन यातल्या कुठल्याच फटीपेक्षा लहान नाही, तो दोन्हीकडे रेटून बसतो, पण एफसीसीत कमी रेटावं लागतं. म्हणून तिकडे २.१४ टक्के आणि इकडे ०.०२.

आता ०.८ टक्क्याचं स्टील ७२७ च्या वर आहे, सगळा कार्बन ऑस्टेनाइटमध्ये, म्हणजे एफसीसी लोखंडात, आरामात. हळू थंड केलंस तर लोखंडाला बीसीसी व्हायचंय, बीसीसीत कार्बनला जागा नाही, म्हणून कार्बन चालत बाहेर पडतो आणि सिमेंटाइटच्या, म्हणजे लोखंड-कार्बनच्या संयुगाच्या, पट्ट्या बनवतो. एक पट्टी फेराइट (बीसीसी लोखंड), एक सिमेंटाइट, तेच परलाइट. पण चालायला वेळ लागतो. पाण्यात टाकलंस तर तो वेळच मिळत नाही. लोखंड आपली रचना बदलून मोकळं होतं, एकही अणू फार लांब न जाता सगळे मिळून सरकतात, आणि कार्बन जिथल्या तिथे अडकतो. अडकलेल्या कार्बनमुळे चौकोनी घर एका दिशेने ताणलं जातं, बीसीसीचं बीसीटी होतं. तेच मार्टेन्साइट. इतक्या ताणलेल्या रचनेत डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांमधले दोष ज्यांच्या सरकण्याने धातू वाकतो, सरकू शकत नाहीत म्हणून ते कडक.

आणि डायग्रामच्या अक्षांकडे बघ. एक टक्केवारी, एक तापमान. वेळेचा अक्ष आहे का कुठे? तो डायग्राम म्हणजे लोखंडाला हवा तेवढा वेळ दिला तर शेवटी काय होईल एवढंच सांगतो. मार्टेन्साइट वेळ न दिल्यामुळे होतं, ते तिथे दिसणार कसं. म्हणून तर १९३० मध्ये डेव्हनपोर्ट आणि बेन यांनी वेळ धरून वेगळा डायग्राम काढला, तोच तुमचा टीटीटी (टाइम-टेम्परेचर-ट्रान्सफॉर्मेशन).

भट्टीवाला_भोसरी:
मॅडमनी एक नंबर सांगितलंय. मी हीट ट्रीटमेंटमध्ये १८ वर्षं आहे, मामांचं मी सांगतो भावा.

नुसतं पाण्यातून काढलेलं मार्टेन्साइट काचेसारखं असतं, कडक पण ठिसूळ. आत सगळा ताण कोंडलेला. परत थोडं गरम केलं की कार्बनला थोडं हलता येतं, बारीक बारीक कार्बाइड होऊन बाहेर पडतो, ताण उतरतो, थोडी हार्डनेस जाते आणि बदल्यात चिवटपणा येतो. किती गरम करायचं ते मामा रंगावर बघतात. घासलेल्या जागेवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, जाडी वाढेल तसा रंग बदलतो. पिवळा दिसला की साधारण २२५ डिग्री, तपकिरी २५५, जांभळा २८०, निळा ३०० च्या आसपास. पाठ मुद्दाम पाण्यात बुडवत नाहीत म्हणजे तिच्यातली उष्णता धारेकडे येते आणि एकाच तापवणीत दोन्ही कामं होतात. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबायचं, कोयत्यासारखं दणके खाणारं हत्यार असेल तर पुढे जाऊ द्यायचं. आमच्याकडे हे सगळं फर्नेसच्या कंट्रोलरवर होतं पण मामांचा डोळा बघून मला आजही भारी वाटतं.

एक गोष्ट मात्र पुस्तकात एका ओळीत उरकतात आणि आम्हाला तिचा सगळ्यात जास्त ताप होतो. मार्टेन्साइट होताना माल फुगतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसात एका पार्टीचे ईएन ८ चे (मध्यम कार्बनचं साधं स्टील) शाफ्ट आले होते, कीवे (चावी बसवायची खाच) आधीच कापलेले, कोपरे एकदम शार्प. ८५० ला तापवून पाण्यात टाकले. बाहेरचा भाग आधी थंड होऊन कडक झाला, आतला नंतर फुगायला लागला, आणि बाहेरच्याला आता वाढता येईना. टाकीजवळ उभं राहून टक्, टक् आवाज ऐकला मी. कीवेच्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ, सरळ लांबीभर. त्या लॉटमधले बरेच गेले. नंतर कोपऱ्याला रेडियस दिला आणि मटेरियल ईएन १९ केलं, त्यात क्रोमियम मॉलिब्डेनम असल्यामुळे टीटीटीचं नाक, म्हणजे परलाइट सगळ्यात लवकर सुरू होतं ती जागा, उजवीकडे सरकतं, म्हणजे घाई कमी, पाण्याऐवजी ऑइल चालतं. साध्या ०.८ कार्बन स्टीलला ५५० च्या आसपासचं नाक एका सेकंदाच्या आत पार करावं लागतं. व्हायव्हाला नाक उजवीकडे गेलं म्हणजे काय विचारलं तर हे सांग.

सेकंडइयर_सांगली:
दादा, मॅडम, खूप आभार. वेळेचा अक्ष नाही हे वाक्य वाचून मी पाच मिनिटं डायग्रामकडे बघत बसलो. हे घरी करून बघता येईल का?

मटेरियलच्या_मॅडम:
येईल. शिवायच्या सुया घे, त्या हाय कार्बन स्टीलच्या असतात. पकडीत धरून गॅसवर लालभडक कर. एक ज्योतीतून अगदी हळूहळू वर उचलत थंड कर, सुई बारीक असते, पटकन बाहेर काढलीस तर हवेतच निवते. दुसरी लगेच पाण्यात टाक. वाकवताना डोळ्यांना चष्मा लाव आणि सुई फडक्यात धर, तुकडा उडतो.

सेकंडइयर_सांगली:
केलं! हळू थंड केलेली सुई तारेसारखी वाकली आणि वाकलेलीच राहिली. पाण्यातली जरा दाबली तर टक् करून तुटली, वाकलीच नाही. मग तिसरी पाण्यात टाकून, पॉलिश पेपरने घासून, ज्योतीच्या बाजूला लांबूनच धरली. पिवळा रंग आला आणि दोन सेकंदात निळा, मला थांबवताच आलं नाही इतकं पटकन. ती वाकवली तर थोडी वाकून परत सरळ झाली! आईलाही करून दाखवलं. तेवढ्यात स्लॅबच्या कामाची बाइंडिंग वायर होती घरात, तीपण लाल करून पाण्यात टाकली. तिला मात्र काहीच झालं नाही, आधीसारखीच वाकतेय. पाणी कमी थंड होतं का?

भट्टीवाला_भोसरी:
पाणी बरोबर होतं. बाइंडिंग वायर माइल्ड स्टीलची, कार्बन नावालाच. अडकायला आत कोणी असायला पाहिजे ना.