चार्म मेसॉनमधला ०.१५ टक्क्यांचा फरक खरा आहे हे ठरवतात कसं?

क्वार्कवेडी:
सर्नच्या एलएचसीबी एक्सपेरिमेंटने २०१९ मध्ये चार्ममध्ये (चार्म क्वार्क असलेल्या कणांमध्ये) सीपी व्हायोलेशन, म्हणजे मॅटर आणि अँटीमॅटरच्या वागण्यातला फरक, सापडल्याचं जाहीर केलं त्याबद्दल वाचतेय आणि दोन ठिकाणी अडलेय. डी-झीरो हा चार्म मेसॉन फुटला काय नि त्याचा अँटीकण अँटी-डी-झीरो फुटला काय, हाती के-प्लस आणि के-मायनस हे केऑनच येतात, मग मुळात कोण होता हे कळतं कसं? आणि आदळतात प्रोटॉनवर प्रोटॉन, डिटेक्टरही मॅटरचाच, म्हणजे पारडं आधीच झुकलेलं, त्यात निसर्गाचा फरक कुठला आणि मशीनचा कुठला?

सिग्मा५:
पहिलं सोपंय. डी-स्टार-प्लस हा जड कण फुटून डी-झीरो आणि पाय-प्लस (धन चार्जचा पायॉन) होतो, डी-स्टार-मायनस असेल तर अँटी-डी-झीरो आणि पाय-मायनस. त्या सॉफ्ट, म्हणजे कमी मोमेंटमच्या, पायॉनचा चार्ज बघितला की काम झालं. बी मेसॉनमधून आलेला डी असेल तर सोबतच्या म्युऑनचा चार्ज बघतात.
दुसऱ्याचं उत्तर फार सुंदर आहे. डी-स्टार कमी-जास्त तयार होणं, सॉफ्ट पायॉन कमी-जास्त पकडला जाणं, ही खोटी असिमेट्री (डी-झीरो आणि अँटी-डी-झीरोच्या मोजणीतली तफावत) के-के मध्ये, म्हणजे दोन केऑन येतात तेव्हा, जेवढी तेवढीच पाय-पाय मध्ये, म्हणजे दोन पायॉन येतात तेव्हा. म्हणून दोन्हीकडची असिमेट्री मोजून के-के मधून पाय-पाय सरळ वजा करायची. उरलं ते दहा हजारात उणे १५.४, एरर २.९, म्हणजे ५.३ सिग्मा (एररच्या ५.३ पट)!

बीमलाइन:
वजाबाकीत सगळं आपोआप जात नाही हां. दोन्ही सॅम्पलमधल्या कणांचा मोमेंटम आणि दिशा जुळत नसतील तर खोटी असिमेट्रीही सारखी राहत नाही, म्हणून इव्हेंटना वेट देऊन आधी ते जुळवून घेतात. सॉफ्ट पायॉनचा मोमेंटम कमी, मॅग्नेटमध्ये तो खूप वळतो, कडेला एका चार्जचा दिसतो आणि दुसऱ्याचा बाहेर जातो, तो भागच कापून टाकतात, शिवाय मॅग्नेटची पोलॅरिटी अधूनमधून उलटी करतात. एवढी काळजी हवीच, कारण २०११ मध्ये याच एक्सपेरिमेंटला उणे ०.८२ टक्के दिसलं होतं, ३.५ सिग्मा, आणि डेटा वाढला तसं ते विरलं. २०१९ ला रन २ (डेटा घेण्याचा दुसरा टप्पा) मधल्या नुसत्या सॉफ्ट पायॉनवाल्या सॅम्पलमध्ये के-के चे ४.४ कोटी आणि पाय-पाय चे १.४ कोटी डिके (फुटण्याच्या घटना) होते, म्हणून माझा त्या आकड्यावर विश्वास आहे.

क्वार्कवेडी:
कळलं, थँक्स दोघांना! पण वजाबाकी केली की फरक नक्की कुणातला ते कसं कळणार, के-के की पाय-पाय?

सिग्मा५:
२०२२ ला तेच केलं. के-के एकट्याची असिमेट्री काढली, मशीनचा वाटा डी-प्लस आणि डीएस-प्लस या दुसऱ्या चार्म मेसॉनच्या डिकेंवरून वजा केला. डिकेमधली असिमेट्री के-के ची दहा हजारात ७.७, एरर ५.७, आणि पाय-पाय ची २३.२, एरर ६.१. म्हणजे जोर पाय-पाय मध्ये, ३.८ सिग्मा.

बीमलाइन:
आणि खरं कोडं इथून सुरू होतं. यू-स्पिन सिमेट्रीप्रमाणे (डाउन आणि स्ट्रेंज क्वार्कची अदलाबदल केली तरी स्ट्राँग इंटरॅक्शनला फरक पडत नाही, ही अंदाजे सिमेट्री) दोघांची चिन्हं उलटी हवीत, इथे दोन्ही धन येताहेत. नवीन फिजिक्स म्हणावं तर चार्मच्या मासला स्ट्राँग इंटरॅक्शनचं (क्वार्कना बांधणाऱ्या बलाचं) गणित नीट बसत नाही, स्टँडर्ड मॉडेल (कणांची आजची मान्य थिअरी) नक्की किती देतं तेच पक्कं सांगता येत नाही. के-के चा एरर कमी होणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, तो आकडा आज शून्यापासून धड वेगळाही नाहीये.