शिलाई शेडला जम्बो कूलर: सीझनपुरते भाड्याने की सरळ विकत?

काजबटण (धागाकर्ता, म्हणजे ही चर्चा सुरू करणारा): सोलापूरच्या पूर्व भागात आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे. पत्र्याची शेड, तीही भाड्याची. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे सगळी घाई एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत. दुपारी दोननंतर माणूस मशीनवर बसला तरी हात चालत नाही. चार जम्बो कूलर लागतील. मंडपवाल्याने अडीच महिन्यांचं सांगितलेलं भाडं नव्या कूलरच्या साधारण निम्म्या किमतीचं आहे. तरी माझा कल भाड्याकडेच. जागा आपली नाही, आणि उरलेले महिने ती धुडं ठेवायची कुठे?

शेंगाचटणी: निम्मी किंमत भाड्यात घालवणार? म्हणजे दोन उन्हाळ्यांत पैसे गेले आणि हातात काहीच नाही. घेऊन टाका मालक. कूलरमध्ये असतं काय? पंखा, पाण्याची मोटर आणि पॅड. मोटर जळाली तर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. एसीचं भाडं मी समजू शकतो, तिथे गॅस, कॉम्प्रेसर अशी भानगड असते. शेड बदलली तर कूलर टेम्पोत टाकायचे, त्यांना चाकं आहेत की.

मांडवतळ: मी कूलर भाड्याने देण्याच्याच धंद्यातला आहे म्हणून बोलतो. भाड्यात नुसता कूलर येत नाही, माणूस येतो. मोटर बंद पडली की आम्ही संध्याकाळपर्यंत दुसरी बसवतो. विकत घेतलेल्याची मोटर मे महिन्यात जळाली तर मिस्त्री चार दिवस फोन उचलत नाही. शिवाय भाडं त्याच वर्षीच्या खर्चात पूर्ण जातं. विकत घेतलं तर किंमत घसारा म्हणून वर्षाला १५ टक्क्यांनी, हळूहळू खर्चात पडते.

शेंगाचटणी: आणि मोठी लग्नतिथ आली की "दोन दिवसांसाठी दोन कूलर उचलतो, मालक" असा फोनही तुमचाच येतो ना? लग्नसराई आणि युनिफॉर्मचा सीझन एकाच वेळी असतो. मंगल कार्यालयवाला तुम्हाला जास्त देणार, शिलाईवाला नाही.

मांडवतळ: करारात लिहून घ्या. तोंडी बोलीवर कूलर नेणाऱ्याचेच उचलले जातात.

कडक भाकरी: दोघेही किमतीवरच अडकलात. आधी कूलर चालतो कसा ते बघा. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, म्हणून कोरड्या हवेतच त्याचा जोर. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळलं तर दिसतं ते; कूलर त्याच्या खाली जाऊ शकत नाही) २४च्या आसपास येतं. चांगला पॅड असलेला कूलर २८पर्यंत हवा देतो. एप्रिल-मेतलं सोलापूर म्हणजे त्याला माहेर. वळवाचे पाऊस सुरू झाले, जून लागला, की तोच कूलर नुसती चिकचिक करतो. म्हणजे खरं काम दोन महिन्यांचं, तुम्ही भाडं भरताय अडीच महिन्यांचं. आणि शेड बंद ठेवून कूलर लावू नका. कूलर बाहेर, तोंड आत, समोरच्या भिंतीला एक्झॉस्ट. इस्त्रीच्या टेबलावरची वाफ तर वेगळ्या पंख्याने बाहेर काढाच, नाहीतर ती कूलरची मेहनत खाऊन टाकते.

उजनीकाठ: पाण्याचं कोण बोलणार? मोठा कूलर कडक उन्हात तासाला तीसेक लिटर सहज पितो. चार कूलर, आठ तास, म्हणजे रोजचे ९६० लिटर. नळ रोज येत नाही, घरच्या टाक्या पुरत नाहीत. बोअरचं पाणी घातलं तर क्षार बसून हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार) पॅड एका सीझनमध्ये दगड होतो. विकत घेणाऱ्यांनी हे पॅडही हिशोबात धरावेत. या एका मुद्द्यावर मी भाड्याच्या बाजूने: पॅड त्यांचे, क्षारही त्यांचे.

मांडवतळ: धन्यवाद, पण पॅड खराब झाले तर आम्ही डिपॉझिटमधून कापतो.

सुईदोरा: मी अशाच शेडमध्ये ओव्हरलॉकवर (कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवर) बसते. कूलर पुढच्या रांगेला गार करतो, मागच्या रांगेला त्याचा फक्त आवाज पोचतो. आम्हाला पीसवर पैसे मिळतात, तुमच्या डिपॉझिटचं आम्हाला काय. पत्र्यावर आधी पांढरा चुना मारा, आणि कामाची वेळ सकाळी सात ते एक करा. राहिलेलं संध्याकाळी पाचनंतर. एवढं केलंत तर दोन कूलरांतही भागेल.

शेंगाचटणी: ताईंचं बरोबर. दोनच लागणार असतील तर ठेवायच्या जागेचा प्रश्नही उरत नाही. म्हणजे पुन्हा विकतच.

काजबटण: संध्याकाळी पाचनंतर लाईट टिकेल याची खात्री कोण देतं? तरी चुन्याचं या रविवारी करून घेतो, घरमालक नाही म्हणणार नाही. मग दोन कूलर विकत, आणि मेचे फक्त मधले तीन आठवडे दोन भाड्याने, कराराने. मांडवतळ, त्यात "लग्नतिथीला उचलणार नाही" असं लिहून देणार का, तेवढं सांगा.

मांडवतळ: देतो. मात्र भाडं तिथीचं लागेल.