नाकाजवळची आठ मिलिमीटरची गाठ ‘हाय रिस्क’ कशी?

निपाणीकर:
आईच्या (वय ६८) नाकपुडीच्या कडेला असलेला काळसर, चकाकत्या काठाचा फोड आम्ही बरीच वर्षे तीळच समजत होतो. त्यावर खपली धरायची, ती पडली की थोडे रक्त यायचे आणि पुन्हा खपली. बेळगावात बायोप्सी केली, तेव्हा बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) निघाला. गाठ ८ मिमी आहे. तिचे आयुष्य तंबाखूच्या शेतात गेल्यामुळे उन्हाचे कारण पटते. परंतु हा कॅन्सर सहसा शरीरात पसरत नाही असे सांगणारे डॉक्टरच त्याला ‘हाय रिस्क’ म्हणतात. मलमाने भागणार नाही का?

त्वचारोगतज्ज्ञ, बेळगाव:
येथे जोखीम म्हणजे जिवाचा धोका नव्हे, तर गाठ पुन्हा उद्भवण्याची आणि खालची कूर्चा पोखरण्याची शक्यता. नाक, पापण्या, ओठ, कान येथील गाठ कितीही लहान असली तरी ती जास्त जोखमीचीच धरतात. हीच गाठ पाठीवर, स्पष्ट कडांची असती, तर भोवतालची ४ मिमी निरोगी त्वचा घेऊन ती काढणे बहुधा पुरले असते. इमिक्विमोड मलम वरवरच्या प्रकारासाठी आहे; खोल गाठीवर ते लावल्यास त्वचा वरून भरून येते आणि रोग आत राहतो, हे मला अधिक घातक वाटते. म्हणून अशा गाठीला मोज (Mohs) शस्त्रक्रिया योग्य; तीत थराथराने ऊती काढून प्रत्येक थराची संपूर्ण कड तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ती सोय नसेल, तर कडा मोकळ्या (कॅन्सरच्या पेशी नसलेल्या) असल्याचा अहवाल हाती आल्याशिवाय शेजारची त्वचा सरकवून जखम झाकू नये, एवढा आग्रह जरूर धरा.

खानापूरकर (पॅथॉलॉजी):
अहवालात उपप्रकार पाहा. मॉर्फिफॉर्म, इन्फिल्ट्रेटिव्ह किंवा मायक्रोनोड्युलर (हे आजूबाजूला जास्त शिरणारे प्रकार) असेल, अथवा मज्जातंतूभोवती पेशी आढळल्या असतील, तर जोखीम आणखी वाढते. उपप्रकार लिहिलेलाच नसेल, तर ब्लॉक (मेणात जतन केलेला बायोप्सीचा तुकडा) आणि स्लाइड मागून घेऊन दुसरे मत घ्यावे.

निपाणीकर:
अहवालात ‘नोड्युलर, पिगमेंटेड’ (गाठीसारखा, गडद रंगाचा) असे आहे. आई चाकूला घाबरते आणि रक्त पातळ करण्याची गोळीही घेते. रेडिएशन चालेल का?

त्वचारोगतज्ज्ञ, बेळगाव:
पिगमेंटेड प्रकार आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत नेहमी दिसतो. रंगामुळे जोखीम वाढत नाही, निदानाला उशीर तेवढा होतो. ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही त्यांच्यासाठी रेडिएशन हा चांगला पर्याय आहे, मात्र त्यासाठी बहुधा काही आठवडे फेऱ्या माराव्या लागतात आणि कडा तपासता येत नाहीत. ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा केवळ जागा बधिर करून होते, हे आईंना सांगा. गोळी परस्पर बंद करू नका. ती देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा.