गिर्यारोहकांच्या स्मृतिफलकांना अभयारण्यात जागा असावी का?

सडावाट:
हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतो. सह्याद्रीतील अशा कड्यांवर अपघातात गेलेल्यांच्या नावाचे फलक लावण्यास माझा विरोध आहे. फलक हातभरच असतो हे खरे. परंतु त्यासाठी कातळात भोके पाडून सिमेंट भरले जाते, पुण्यतिथीला हार, नारळ आणि उदबत्त्यांची पुडकी येतात, उभे राहायला जागा हवी म्हणून कारवी तोडली जाते आणि पुढच्या वर्षी कोणीतरी वर पत्र्याचे छप्पर घालण्याचे सुचवतो. आपल्याकडे दगडाला शेंदूर लागायला वेळ लागत नाही! स्कॉटलंडमधील बेन नेव्हिसच्या शिखरावर असेच फलक साचले होते, तेव्हा २००६ मध्ये पायथ्याशी ग्लेन नेव्हिस येथे सामायिक स्मृतिस्थळ करण्यात आले. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनई किंवा खिरेश्वर गावी तसे का होऊ नये?

घाटमाथा:
माझा धाकटा भाऊ अशाच एका कड्यावरून गेला. पंचनामा, शवविच्छेदन आणि अंत्यविधीची घाई यांत त्याचा निरोप घ्यायचा राहूनच गेला. आमच्या आईला गड चढवत नाही. तरीही तो जेथे शेवटचा उभा होता तेथे त्याचे नाव आहे, एवढ्यावर तिने दिवस काढले आहेत. वाहनतळाशेजारच्या यादीतील एक नाव तिला हजेरीपटासारखे वाटेल. सुट्टीच्या दिवशी गडाच्या कोकणकड्यावर तंबूंची रांग लागते, चुली पेटतात. ते चालते आणि एक फलक तेवढा खुपतो?

सडावाट:
आपल्या दुःखापुढे वाद घालणे जड जाते. तंबूंविषयीचा आक्षेप मला मान्यच आहे, परंतु एका गैरप्रकारामुळे दुसरा वैध ठरत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यातील अधिवासाला बाधा आणणाऱ्या कृतीस वन्यजीवांच्या हिताखेरीज परवानगी देता येत नाही. शिवाय आज आपल्या भावाला दिलेली जागा उद्या दुसऱ्याच्या मुलाला कोणत्या तोंडाने नाकारायची?

आदिवासीपाडा:
दोघांच्याही बोलण्यात पायथ्याचे गाव मोकळ्या भूखंडासारखे येते. दरीत उतरून मृतदेह डोलीतून वर आणायला बहुतेकदा याच गावांतील तरुण जातात. गुरांमागे गेलेला किंवा मध काढायला उतरलेला आमचा माणूस कड्यावरून पडला, तर त्याचा फलक ना वर लागतो, ना खाली. स्मृतिस्थळ करायचे असेल तर आधी ग्रामसभेला विचारावे, आणि त्यावर ही नावेही कोरावीत.

घाटमाथा:
ग्रामसभेचा मुद्दा रास्त आहे आणि ती नावे आमच्या नावांच्या आधी यावीत. वरच्या फलकाचा आग्रह मात्र मी सोडलेला नाही. तो काढायचाच ठरला तर निदान कुटुंबाला आधी कळवावे आणि त्याच्या हाती द्यावा. पहारीने उचकटून दरीत फेकू नये.