फुफ्फुसातल्या गुठळ्या दाखवणारं सॉफ्टवेअर: कशावरून निवडायचं?

घोडबंदर_सीटी:
नमस्कार. घोडबंदर रोडला आमचं लहानसं सीटी सेंटर आहे. जवळची नर्सिंग होम रात्रीसुद्धा पेशंट पाठवतात: गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, बाळंतिणी, कॅन्सरचे. अचानक धाप लागली की पीईची (फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकल्याची) शंका, की सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी. शेकडो स्लाइस, आणि रात्री रिपोर्टिंगला मी एकटी. गुठळ्यांवर खूण करणारं सॉफ्टवेअर घ्यायचंय. विक्रेत्यांच्या डेमोत सगळंच अचूक दिसतं. वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.

नेरुळ_रेडिओ:
मॅडम, डेमोवर जाऊ नका, तिथले स्कॅन निवडून आणलेले असतात. तुमच्याच पॅक्समधले (स्कॅन साठवायच्या यंत्रणेतले) जुने स्कॅन नावं काढून त्यांना द्या. त्यात निगेटिव्ह भरपूर हवेत आणि मुद्दाम काही खराबही, श्वास हललेले, कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) कमी पडलेले. मग दर स्कॅनमागे खोट्या खुणा किती येतात ते मोजा. फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: हायलममधल्या (फुफ्फुसात रक्तवाहिन्या शिरतात तिथल्या) लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, कॉन्ट्रास्ट न पोचलेल्या पल्मनरी व्हेन (फुफ्फुसाकडून हृदयाकडे येणाऱ्या शिरा), कफाने भरलेल्या श्वासनलिका, हृदयाच्या ठोक्याने हललेल्या डाव्या खालच्या लोबच्या धमन्या. खोट्या खुणा फार आल्या की माणूस खऱ्या खुणेकडेही बघेनासा होतो. माझ्या लेखी हाच पहिला निकष. सबसेगमेंटल, म्हणजे धमनीच्या अगदी बारीक फांद्यांतल्या, गुठळ्यांचा निकाल वेगळा मागा. मुख्य धमनीतली मोठी गुठळी तुम्हाला तशीही दिसतेच.

कळवा_टेक्निशियन:
ताई, सॉफ्टवेअरच्या आधी इंजेक्शन सुधारा. कोपराजवळच्या शिरेत चांगली जाड सुई, सेकंदाला 4 ते 5 मिली, पाठोपाठ सलाइन, ट्रॅकर (कॉन्ट्रास्ट पोचला की स्कॅन सुरू करणारी खूण) पल्मनरी ट्रंकवर, म्हणजे हृदयातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या मुख्य धमनीवर. आणि पेशंटला ‘खूप खोल श्वास घ्या’ कधीच सांगू नका. खोल श्वासाबरोबर पोटाकडचं बिनकॉन्ट्रास्टचं रक्त हृदयात खेचलं जातं, धमनी मध्येच फिकी पडते, आणि मशीनला तिथे गुठळी दिसते. साधा श्वास घेऊन थांबायचं, एवढंच.

ऐरोली_अल्गो:
ट्रेनिंगचा डेटा कुठला, हे विचाराच. 2020 साली आरएसएनए या उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजी संघटनेने पीई शोधण्याची खुली स्पर्धा घेतली होती, तिचा डेटा पाच देशांतल्या 12,000 हून अधिक स्कॅनचा होता. एवढ्यावर शिकलेलं मॉडेलसुद्धा तुमच्या मशीनवर, तुमच्या स्लाइसच्या जाडीवर तपासावंच लागतं. मंजुरी कशासाठी आहे तेही वाचा. अमेरिकेत 2019 मध्ये एडॉक कंपनीच्या पीई सॉफ्टवेअरला एफडीएची (तिथल्या औषध-उपकरण नियामकाची) मंजुरी मिळाली ती शंकेचा स्कॅन यादीत वर आणण्यापुरती. त्यामुळे खूण आली नाही म्हणून ‘पीई नाही’ असं लिहिता येत नाही.

घोडबंदर_सीटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्याकडे कॅन्सरचे पेशंट स्टेजिंगच्या (कॅन्सर किती पसरलाय ते बघायच्या) साध्या कॉन्ट्रास्ट सीटीलाही येतात. त्यात कोणी शंकाही न घेतलेली गुठळी निघाली, असं झालंय. तिथे हे चालेल?

नेरुळ_रेडिओ:
मला विचाराल तर खरी गरज तिथेच आहे, कारण त्या स्कॅनमध्ये धमन्यांकडे आपली नजर आधी जात नाही. पण स्टेजिंगमध्ये कॉन्ट्रास्टची वेळ पल्मनरी धमन्यांसाठी धरलेली नसते, म्हणून अशा स्कॅनवर वेगळं तपासलेलं मॉड्यूल लागतं. ते किमतीत धरलंय का, हे कोटेशनमध्ये लेखी घ्या, आणि चाचणीच्या गठ्ठ्यात स्टेजिंगचे स्कॅनही घाला.